चौथा ठोका

प्रिय धाकट्या,

'प्रिय' हे सवयीने लिहिलं आहे, त्याने हुरळून जाऊ नकोस. मी तुझ्यावर चिडलेली आहे. तुमच्या स्टेशनवर गाडीत बसले तेव्हाच चिडले होते आणि घरी येऊन ती चीड कमी व्हायच्या ऐवजी वाढली आहे. मध्ये तुझे फोन येऊन गेले, ते मी मुद्दाम घेतले नाहीत. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी एक वाक्य सुरू केलं की तू ते माझ्या तोंडातून काढून घेतोस, पुढे नेतोस, हसतोस, "ताई, तुला उगाच वाटतं गं" म्हणतोस, आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात येतं की सांगायचं ते राहूनच गेलं. पत्रात मध्ये तोंड घालता येत नाही. तेव्हा आता जरा कानात तेल घालून ऐक. तुमच्याकडची सुट्टी आईला भोवली आहे. परत आल्यापासून ती धड जेवत नाही, माझ्याशी तुटक बोलते, आणि रोज संध्याकाळी जिच्यापाशी खुर्ची ओढून बसायची ती खिडकी तिने लावून घेतली आहे. हे तुझ्यामुळे झालं आहे. कसं, ते पहिल्यापासून सांगते, म्हणजे मग "मला काय माहीत" म्हणायला तुला जागा उरणार नाही.

तुमचं घर छान आहे. कोण नाही म्हणतंय? पांढरा सोफा, पांढऱ्या भिंती, मधल्या खोलीत तो काळा पियानो, आणि सकाळी तुझी कॉफी होईपर्यंत कुणी मोठ्याने बोलायचं नाही. आम्ही तिघं, मी, आई आणि तुझे भावोजी, पहिल्या सकाळी स्वयंपाकघरात मूग गिळून बसलो होतो. चमचा कपाला लागला तर तुझी बायको दाराकडे बघायची. पोरगी वाईट नाही, हे मी मान्य करते. पण सुट्टीचा बेत तिने असा आखला होता की कारखान्याची पाळी परवडली. सकाळी वाद्यांचं संग्रहालय, दुपारी कुठल्याशा थोर संगीतकाराचं घर, संध्याकाळी मैफल, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या थोर संगीतकाराचं घर. सगळ्या थोरांची घरं आतून सारखीच दिसतात रे. एक अरुंद पलंग, एक खिडकी, एक वाद्य आणि त्याच्याभोवती दोरी. तुझ्या भावोजींनी त्या प्रत्येक दोरीचा फोटो काढला आहे.

तुमचं शहर गाण्याचं वेडं आहे हे मी ऐकून होते, पण इतकं वेडं असेल असं वाटलं नव्हतं. ट्रामचा थांबा आला की घंटीऐवजी सूर वाजतात. कोपऱ्याकोपऱ्यावर कुणीतरी व्हायोलिन धरून उभं. संगीत शाळेच्या मागच्या गल्लीत प्रत्येक खिडकीतून वेगळं काहीतरी बाहेर पडत होतं आणि एक मुलगी गाण्याची एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होती, चुकत होती, पुन्हा म्हणत होती. त्या गल्लीत आई थांबली. तिला ते आवडलं. अख्ख्या सुट्टीत तिने आपणहून थांबून ऐकलेली ती एकच गोष्ट, आणि तिथून आम्हाला ओढून काढलं, कारण संग्रहालयाची आमची वेळ चुकत होती. तू मला म्हणालास, "ताई, ती तर नुसती रियाज करतेय, खरं गाणं संध्याकाळी आहे." म्हटलं बरं बाबा, तू म्हणशील ते खरं. मला संगीतातलं कळत नाही, हे तू मला सुट्टीभर इतक्यांदा सांगितलंस की आता तेवढं मात्र पाठ झालं आहे.

पण आईचं मला कळतं. आल्या आल्या, तू कॉफी ढवळत होतास तेव्हा, मी तुला ओट्याशी उभं राहून सांगितलं होतं. आई आता विसरते. चष्मा विसरते, वार विसरते, ते चालायचंच. पण बाबा गेले हे ती विसरली आहे. बाबा कुठेतरी बाहेरगावच्या कामावर आहेत असं ती धरून चालते. रंगाऱ्याच्या बायकोला त्यात नवल काय? जन्मभर ते असेच जात आले. एखादी मोठी इमारत लागायची, दोन-दोन महिने परगावी राहायचे, काम संपलं की डबे-बादल्या घेऊन हजर. डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका, ती वाट बघण्यात सुखी आहे तर बघू दे. म्हणून ती रोज संध्याकाळी खिडकीशी बसायची, दिवे लागले की म्हणायची, "आज काम लांबलं असेल," आणि शांतपणे जेवायला उठायची. हे सगळं मी तुला सांगितलं. तू "बरं, बरं" म्हणालास, माझ्या खांद्यावर थोपटलंस आणि साखर कुठे आहे ते बायकोला विचारलंस.

तुमच्या त्या मोठ्या सभागृहाबाहेर परांची बांधलेली होती, आठवतंय? रंगकाम चालू होतं. आई खाली उभी राहून वर बघत राहिली. मग आत गेल्यावर दिवे मंद झाले, सगळी वाद्यं सुरू झाली, तुझ्या ओळखीचे लोक आजूबाजूला श्वास रोखून बसलेले, आणि आई मान वर करून छत बघत होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, याला रंगाचे तीन हात दिलेत, तरी कोपऱ्यात ओल दिसतेच आहे. मला हसू आवरेना. तुझ्या बायकोने नंतर सगळ्यांना सांगितलं की आईंना जुन्या इमारतींची केवढी जाण आहे. जाण कसली आलीय! ती नवऱ्याचं काम तपासत होती. बाहेर पडताना ती मला हळूच म्हणाली, "इथे आहे होय तो. सांगितलं असतं तर त्याचा स्वेटर आणला असता." त्या दिवशी ती इतकी खुशीत होती की मीही काही बोलले नाही. मला वाटलं, असू दे, या गावात आहेत तर या गावात.

आता बाबांच्या शिळेचं. तुला ती ठाऊक आहे, माझ्याइतकीच ठाऊक आहे. पण तू ती लोकांना ज्या पद्धतीने सांगितलीस ती ऐकून मला शंका आली, म्हणून पुन्हा सांगते. बाबा गल्लीच्या तोंडाशी आले की शीळ घालायचे. तीन सूर. एक साधा, दुसरा वर, तिसरा त्याच्याहून वर, आणि तिथेच सोडून द्यायचे, जिन्यात एक पाय उचलून थांबल्यासारखं. मग स्वयंपाकघरातून आई पदराला हात पुसत खिडकीशी यायची आणि खालचा चौथा सूर द्यायची. एकच, लांब. बायकांनी शीळ घालू नये म्हणून नाकं मुरडणाऱ्या शेजारणी होत्या, त्यांना ती जुमानायची नाही. तो सूर आला की बाबा बादल्या उचलून घराकडे चालू लागायचे. तो आला नाही तर यायचे नाहीत. एकदा दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं तेव्हा बाबा गल्लीच्या तोंडाशी उभे राहून शीळ घालताहेत, पुन्हा घालताहेत, आई ढिम्म. शेवटी समोरचे मास्तर गॅलरीत येऊन ओरडले होते, वहिनी, द्या हो एकदाचं उत्तर, आम्हाला जेवायचंय! त्यांच्या घरात ती शीळ ऐकून ताटं मांडायचे म्हणे. आई हसली, मग तिला शीळ काही घालता येईना, हसताना ओठ जुळत नाहीत ना.

आणि दुसरी एक गोष्ट तुला आठवत असणारच, कारण त्या दिवशी तू रुसून माझ्या पलंगाखाली जाऊन बसला होतास. तू नुकताच शाळेत जाऊ लागला होतास. आई दुकानात गेली होती. बाबांची शीळ आली आणि तू खुर्चीवर चढून खिडकीतून चौथा सूर दिलास. अगदी हुबेहूब. मीच चकले. बाबा वर आले, आई कुठे म्हणाले, आणि त्यांना कळलं. ते कधी आपल्यावर हात उगारत नसत, त्या दिवशीही उगारला नाही. ते तुझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "तो सूर तुझा नाही. तुला कितीही चांगला येत असला तरी नाही." मग ते पुन्हा खाली उतरले आणि आई परत येऊन, वर जाऊन, खिडकीशी उभी राहून उत्तर देईपर्यंत गल्लीच्या तोंडाशी थांबले. आपल्या घरात कुलूपबंद काही नव्हतं रे. कपाटं उघडी, डबे उघडे, कुणीही कुणाचं खावं. एवढी एकच गोष्ट होती, जिला हात लावायचा नाही असं बाबांनी आपल्याला सांगितलं होतं.

शेवटी हॉस्पिटलमध्येही ते तसंच झालं. बाबांना दम उरला नव्हता. ओठ हलले, नुसती हवा आली, तीनदा. आईने त्यांच्या कपाळाशी वाकून चौथा सूर दिला, तोही हळू, शेजारच्या खाटेवरच्या माणसाची झोप मोडू नये म्हणून. मी तिथे उभी होते. तू तुझ्या तालमीत होतास. ते मी तुला कधी बोलून दाखवलं नाही, आज दाखवते आहे.

तर तुझं ते सरप्राइज. आम्हाला चौकात नेऊन छत्र्यांच्या दुकानासमोर उभं केलंस, घड्याळाच्या मनोऱ्याकडे तोंड करून. शहराने नव्या घंटा बसवल्या, त्यांची धून तुझ्याकडून करून घेतली, रोज दुपारी बाराला वाजते, हे तू तेव्हाच सांगितलंस. तुझी बायको फोन सरसावून उभी. तुझे भावोजी कॅमेरा घेऊन. बारा वाजले. पहिली घंटा वाजली, दुसरी वाजली, आणि मी ओळखलं. बाबा! भर चौकात, एवढ्या माणसांत, बाबा गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले होते. तिसऱ्या ठोक्यापर्यंत मला तुझा अभिमान वाटला, हेही लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा कधी सांगावं लागणार नाही. मी आईकडे बघितलं. तिने कोटाला हात पुसले. तुला दिसलं का ते? तू मनोऱ्याकडे बघत होतास. तिने दोन्ही हात कोटाला पुसले, मान वर केली, ओठ जुळवले.

आणि तुझा चौथा ठोका पडला. चारांतली सगळ्यात मोठी घंटा. साऱ्या चौकाला ऐकू जाईल, पलीकडच्या रस्त्यालाही जाईल अशी. आईचे ओठ तसेच जुळलेले राहिले, त्यातून आवाज आला नाही. मग तिने मान खाली घातली. तू धावत येऊन तिला मिठी मारलीस, तुझेही डोळे भरले होते, आणि तू तुझ्या बायकोला म्हणालास, "बघ, आईला कळलं!" हो रे राजा, कळलं. तिला जे कळलं ते तुला कळलं असतं तर तू तिथेच मटकन खाली बसला असतास. पण तेव्हा मलाही कळलं नव्हतं. मला वाटलं, बिचारीला बोलायला जागा मिळाली नाही, तेवढंच. 

त्यानंतर ती रोज बारा वाजता चौकात जायचं म्हणू लागली. तू खूश. संग्रहालय नको, बाग नको, नदीवरची फेरी नको, चौक. तू ज्याला त्याला सांगत सुटलास की आईला माझी धून इतकी आवडली आहे की तिचं मनच भरत नाही. धाकट्या, ती घड्याळाकडे पाठ करून उभी राहायची. मी तिचा हात धरून शेजारी असायचे, मला दिसायचं. तिन्ही सूर वाजेपर्यंत स्वस्थ, आणि चौथा पडला की ती भराभरा चौकातल्या खिडक्या बघायची. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वरचा मजला, खालचा मजला, छत्र्यांच्या दुकानावरची, बँकेच्या शेजारची. मी विचारलं, काय बघतेस, तर म्हणाली, काही नाही, पडदे बघतेय.

आणि मग ते जेवण, तुझ्या त्या पाहुण्यांना बोलावलेलं. वाद्यवृंदाचे कोण ते, नगरपालिकेच्या त्या बाई. तू ग्लास हातात धरून गोष्ट सांगितलीस. माझे वडील रंगारी होते, शीळ घालत घरी यायचे, ती शीळ मी लहानपणापासून मनात जपली. ठीक. पुढे काय म्हणालास? "मूळ शीळ अपुरी होती, मी ती पूर्ण केली." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सूपचा चमचा तोंडाशी नेला होता तो तसाच खाली ठेवला. अपुरी! चार सुरांतला एक आईचा, तो तुझ्या गोष्टीत नाहीच. आई तुझ्या शेजारी बसून पाव कुस्करत होती आणि तू तिला गोष्टीतून पुसून टाकत होतास. मी तोंड उघडणार होते, पण तुझ्या भावोजींनी टेबलाखालून माझा पाय दाबला. त्यांना वाटलं, पाहुण्यांदेखत तमाशा नको. आता वाटतं, झाला असता तर बरं झालं असतं.

मी कपडे बेतणारी बाई. लोकांचे झगे सैल करते, घट्ट करते. आम्ही कापड कापताना शिवणीच्या आत बोटभर माया सोडतो, पुढे कुणाला उसवून सैल करावं लागलं तर. ती सोडली नाही तर कपडा त्या दिवशी सुरेख बसतो आणि पुढे कधीच दुरुस्त होत नाही. बाबांनी त्या शिळेत जागा सोडली होती. ती राहून गेलेली नव्हती रे, सोडलेली होती. आणि तू, ज्याला म्हणे सगळ्या शहरात सर्वांत तल्लख कान आहे, त्याला ती जागा चूक वाटली.

परतीच्या गाडीत आई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "कोण आहे ती?" मी म्हटलं, कोण कोण? ती म्हणाली, "त्याला उत्तर देते ती."

मला आधी समजलं नाही. मग समजलं. तुला समजलं का? की इथेही "ताई, तुला उगाच वाटतं" म्हणणार आहेस? आपल्या घरात चौथ्या सुराचा अर्थ काय होता? ये, आत ये, मी आहे. आईच्या हिशेबाने बाबा तुमच्या शहरात कामाला आहेत. ते रोज दुपारी शीळ घालतात आणि त्या चौकात कुणीतरी बाई रोज त्यांना उत्तर देते. आईच्या देखत देते. आणि ते आत जातात.

हसू येत असेल तर हस. मलाही पहिल्यांदा क्षणभर आलं होतं. ऐंशीला टेकलेली आपली आई मेलेल्या नवऱ्यावर संशय घेते आहे, आणि सवत कोण, तर एक घंटा! पण इथे घरी येऊन बघ म्हणजे हसू पळेल. तिने खिडकी लावली. खुर्ची उचलून पलंगाजवळ नेली. कपाटातून बाबांचे रंगाचे डाग पडलेले कामाचे कपडे काढले, धुतले, इस्त्री केले, पिशवीत भरले आणि पिशवी दाराशी नेऊन ठेवली. मला म्हणाली, त्याच्या तिकडच्या घरी पाठवून दे, त्याला लागतील. मी पिशवी कपाटात ठेवते, ती पुन्हा दाराशी आणते. जेवायला बसली की अर्धी भाकरी सारते आणि म्हणते, भूक नाही. एकदा मी भाजी निवडत होते तर शेजारी येऊन बसली आणि विचारलं, "मी काय कधी दार लावून घेतलं होतं का त्याला?" त्या एका भांडणाच्या वेळी उशीर केला होता, तेवढाच, असंही म्हणाली. ते भांडण तिला आठवतं. बाबा गेले ते आठवत नाही.

मी काय काय केलं तेही ऐक. तुझे भावोजी संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी जाऊन शीळ घालून आले. त्यांची शीळ म्हणजे उकळती किटली. आई म्हणाली, जावईबापूंना काय झालंय? मग मी गेले. मी तीन सूर बरे घातले, पण ती खिडकीशी आलीच नाही. घरात शिरले तर म्हणाली, मला एवढी खुळी समजू नकोस, तो तिकडे आहे, मी या कानांनी ऐकलंय. मग तुझ्या बायकोने फोनवर शहाणपण शिकवलं की सरळ खरं काय ते सांगून टाका. तिचा सल्ला ऐकला. आईला जवळ बसवून सांगितलं की बाबा गेले, हॉस्पिटलमध्ये गेले, तू तिथे होतीस. बाबा आजच गेल्यासारखी ती रडली. ते रडणं तुझ्या बायकोला ऐकवायला हवं होतं. आणि सकाळी उठली तेव्हा बाबा गेलेले पुन्हा विसरली होती, पण ती बाई विसरली नव्हती. पिशवी दाराशी होतीच. डॉक्टर म्हणाले, असंच असतं, काही गोष्टी पुसल्या जातात आणि काही चिकटून बसतात, कुठली चिकटेल ते सांगता येत नाही. तेव्हा पुन्हा खरं सांगायला मला लावू नकोस. मी ते करणार नाही.

तर आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते. माफी मागू नकोस, ती मला नको आहे, आणि आईला कशाची ते कळणारही नाही. तो चौथा ठोका काढ. एवढंच. तू म्हणशील नगरपालिका, समिती, करार, लोकांना सवय झाली आहे, धून अर्धवट लटकेल, ऐकणाऱ्याला चुकल्यासारखं वाटेल. वाटू दे. नगरपालिकेच्या त्या बाईंना सांग की संगीतकाराची चूक झाली होती, ती दुरुस्त करतोय. तुझ्या शब्दाला तिथे वजन आहे, ते मी त्या जेवणात पाहिलं. कायमचा निघत नसेल तर निदान एका दुपारपुरता तरी बंद ठेव. पुढच्या सुट्टीला मी आईला घेऊन येते आहे. तुझ्या पांढऱ्या सोफ्यावर बसायला नाही आणि थोरांचे पलंग बघायला तर नाहीच नाही. छत्र्यांच्या दुकानासमोर तिला उभी करीन, तोच कोट घालून. बारा वाजले की तीन घंटा वाजव आणि मग गप्प बस. तू, तुझी बायको, तुझं शहर, सगळे गप्प बसा. तिला हात पुसायला वेळ लागतो, तेवढा थांब. ती शीळ घालेल की नाही, मला माहीत नाही. दम राहिला नाही तिला फारसा. पण दुसरं कुणी उत्तर दिलं नाही, एवढं तिला ऐकू दे. तो अजून बाहेरच उभा आहे आणि तिच्यासाठीच थांबला आहे, एवढं तिला कळू दे.

तुझीच, म्हणजे दुसरा भाऊ नाही म्हणून तुझीच,
ताई